छडीनंतरची शाळा

महाराष्ट्रातल्या कोणत्याही माध्यमिक शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला पाहा. जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, शाळा सोडण्याचं कारण अशा रकान्यांच्या जोडीला त्यावर वर्तणुकीचाही एक रकाना असतो आणि तो जवळपास सगळ्यांसाठी सारखाच भरलेला असतो: 'चांगली'. मधल्या सुट्टीत पडलेल्या मुलाला ज्याने उचलून दवाखान्यात नेलं त्याचीही वर्तणूक चांगली, आणि वर्षभर मागच्या बाकावरून एका मुलीला ज्याने रडवलं त्याचीही चांगली. रकाना भरणाऱ्या लिपिकाचा यात दोष नाही. वागणूक कशावरून जोखायची, ते कोणी ठरवायचं आणि ते कोणाकोणाला लागू, याबद्दल बहुतेक शाळांमध्ये कधी नीट बोलणंच झालेलं नसतं.

गेल्या पाव शतकात शिस्तीच्या नावाखाली काय करायचं नाही, हे न्यायालयांनी आणि कायद्यांनी बऱ्यापैकी स्पष्ट केलं. त्याऐवजी काय करायचं, हे शाळांवर सोपवलं. बहुतेक शाळांनी ते ठरवलं नाही. छडी गेली (जिथे गेली तिथे) आणि तिची जागा रिकामी राहिली. आज शिक्षकखोलीत ऐकू येणारी हतबलता, पालकांची चीड आणि मुलांच्या मनातला गोंधळ यांचा उगम मला या रिकाम्या जागेत दिसतो.

मागे वळून पाहिलं तर शिक्षेच्या बाबतीत आपली शाळा कधीच गरीब नव्हती. पंतोजींच्या शाळेपासून चालत आलेले प्रकार आजच्या आजोबांना तोंडपाठ आहेत: ओणवं उभं करणं, अंगठे धरायला लावणं, कोंबडा, उठाबशा, बाकावर उभं करणं, हातावर छड्या. इंग्रजी राजवटीत सरकारी शाळा आल्या, हजेरीपट आला, घंटा आली, पण हे सगळं तसंच राहिलं. पालकही "मारा, पण शिकवा" म्हणत पोराला शाळेत सोडून जात.

तरी याच मातीत वेगळी वाटही होती. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथलं छात्रालय सांभाळत होते. मुलांनी खोल्या अस्ताव्यस्त टाकल्या तर ते स्वतः झाडून काढत, कपड्यांच्या घड्या घालून ठेवत. मुलं आधी ओशाळली आणि मग आपली खोली आपण आवरू लागली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर जे काम उभं केलं, त्यात माराला आणि धाकाला जागा नव्हती. मात्र ते काम लहान वयातल्या मुलांचं होतं. चौदा-पंधरा वर्षांच्या, मिसरूड फुटलेल्या मुलांच्या वर्गाला तीच रीत लावता येईल का, हा प्रश्न आपल्याकडे फार थोड्यांनी गांभीर्याने घेतला. पुण्यातली अक्षरनंदन, फलटणचं कमला निंबकर बालभवन अशा काही शाळांनी तो घेतला आणि दहावीपर्यंत निभावून दाखवला. या शाळा बोटावर मोजण्याइतक्या आहेत आणि त्यांची पटसंख्या बेताची आहे, म्हणून त्यांचा अनुभव साठ-साठ मुलांच्या तुकड्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलाला मारल्याशिवाय शिकवता येत नाही, हा युक्तिवाद त्यांनी खोटा ठरवला आहे.

गांधीजींची एक आठवण इथे सांगायला हवी. टॉलस्टॉय फार्मवर एका दांडगट मुलाला त्यांनी एकदा आखणीने मारलं होतं. मारताना त्यांचा हात थरथरत होता, हे त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे लिहिलं आणि त्याबद्दल पश्चात्तापही नोंदवला. तो मुलगा नंतर सुधारल्याचंही ते सांगतात, तरीही माराचं समर्थन करत नाहीत. 'मारल्याचा उपयोग झाला' आणि 'मारणं योग्य होतं' ही दोन वेगळी विधानं आहेत. आमच्या चर्चेत ती नेहमी एकमेकांत मिसळतात. "आम्ही मार खाल्ला म्हणून आज इथे आहोत" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मार खाऊन सातवीत शाळा सोडलेले त्या गप्पांत बसलेले नसतात.

आता कायद्याकडे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शारीरिक शिक्षा शिक्षणव्यवस्थेतून हद्दपार करण्याचं म्हटलं, पण ते धोरण होतं, कायदा नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये दिल्लीच्या शालेय नियमांतली छडीची तरतूद रद्द केली. गोव्याने २००३ च्या बालक कायद्यात सर्व शाळांमध्ये शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. देशभरासाठीच्या शिक्षणहक्क कायद्याच्या सहा वर्षं आधीचं हे पाऊल आहे आणि मराठी वाचकांना त्याची फारशी माहिती नसते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक अहवाल काढला. त्यात शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. पुढे १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आली. सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत कुणाला शाळेतून काढून टाकता येत नाही. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना आणखी पुढे गेल्या. त्यांनी शिक्षेचे शारीरिक, मानसिक आणि भेदभावाचे असे तीन प्रकार मानले आणि प्रत्येक शाळेत यावर लक्ष ठेवणारा कक्ष असावा असं सुचवलं. असा कक्ष कागदावर पुष्कळ ठिकाणी आहे. त्याची बैठक शेवटची कधी झाली, हे विचारलं तर मात्र फाईल शोधावी लागते.

कायदा असूनही बातम्या थांबलेल्या नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत शाळेत उशिरा आल्याबद्दल उठाबशांची शिक्षा झालेली सहावीतली मुलगी काही दिवसांनी मरण पावली. तिच्या मृत्यूचं कारण आणि जबाबदारी ठरवणं तपासयंत्रणेचं आणि न्यायालयाचं काम आहे. आपल्यापुढचा प्रश्न त्याआधीचा आहे. मूल उशिरा आलं तर काय करायचं, हे किती शाळांनी लिहून ठेवलेलं असतं?

शिक्षणहक्क कायद्यात एक फट आहे आणि माध्यमिक शाळेच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. हा कायदा सहा ते चौदा वयासाठी, म्हणजे आठवीपर्यंत. नववीत पाऊल ठेवताच मुलाच्या डोक्यावरचं हे छत्र जातं. त्याच इमारतीत, त्याच शिक्षकांसमोर, आठवीत ज्याला काढता येत नव्हतं त्याला नववीत दाखला हातात देता येतो. आणि तो दिला जातो. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून अभ्यासात मागे पडलेल्या आणि वागायला आडमुठ्या मुलांना नववीतच बाजूला काढायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवायचं, ही वाट शिक्षणक्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. दाखल्यावर कारण 'पालकांच्या विनंतीवरून' असं येतं. मुलगा शिस्तीत बसत नव्हता म्हणून काढला की निकालात बसत नव्हता म्हणून, हे त्या दाखल्यावरून कळत नाही. शिस्तीचे निकष लेखी नसले की त्यांच्या आडून काय काय करता येतं, याचा यापेक्षा ठळक दाखला मला माहीत नाही. नववी-दहावीच्या मुलांना आठवीपर्यंतचं संरक्षण मिळालं पाहिजे, निदान लेखी कारण आणि पालकांना बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय कुणाला दाखला देता कामा नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्ग चालवणाऱ्या शिक्षकाला रोज छळतं ते काय असतं? बातम्या वाचून वाटतं की मारामाऱ्या, दप्तरातले कोयते, गुटखा, व्हेप. हे प्रकार आहेत आणि गंभीर आहेत; शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी असूनही टपरी फाटकासमोरच असते. पण इंग्लंड-वेल्समध्ये लॉर्ड एल्टन यांच्या समितीने १९८९ मध्ये शाळांतल्या शिस्तीचा मोठा अभ्यास केला, तेव्हा शिक्षकांनी सांगितलेली खरी डोकेदुखी वेगळी निघाली. मध्येच बोलणं, शेजाऱ्याला काम करू न देणं, जागेवरून उठणं अशा लहानसहान, पण दिवसभर न थांबणाऱ्या गोष्टींनी ते दमून जात होते. आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षकाशी बोला, हेच ऐकायला मिळेल. चाळीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं "गप्प बसा" म्हणण्यात जातात. या रोजच्या गोष्टींना पोलिसी उपाय लागू पडत नाहीत. त्यांना लागते सवय, आणि सवय लागते सातत्याने.

सातत्याबद्दल मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला लंडनमधल्या बारा माध्यमिक शाळांचा अभ्यास अजून वाचण्यासारखा आहे. सारख्याच वस्त्यांतली, सारख्याच परिस्थितीतली मुलं घेणाऱ्या शाळांमध्ये मुलांच्या वागण्यात मोठा फरक दिसला. इमारत, वर्गखोल्यांचा आकार यांनी तो फरक समजत नव्हता. शिक्षा किती कडक, यानेही विशेष फरक पडत नव्हता. शिस्तीच्या अपेक्षा प्रत्येक शिक्षक आपापल्या मर्जीने ठरवत होता की सगळ्या शिक्षकांनी मिळून मान्य केल्या होत्या, कौतुक किती होत होतं, शिक्षक वेळेवर वर्गात जात होते का, मुलांवर जबाबदाऱ्या किती सोपवल्या होत्या, या गोष्टींचा संबंध होता.

हे वाचताना आपल्या शाळेतला एक साधा दिवस डोळ्यांसमोर येतो. पहिल्या तासाला गणिताच्या मॅडमना कुजबुजही चालत नाही. दुसऱ्या तासाला इतिहासाच्या सरांच्या वर्गात बाजार भरलेला असतो आणि त्यांना तो चालतो. तिसरा तास तासिका तत्त्वावरच्या नव्या शिक्षिकेचा; तिला मुलं मोजत नाहीत, कारण ती मार्चमध्ये जाणार हे मुलांना ठाऊक असतं आणि शाळाही तिला शिक्षकसभेत बोलावत नाही. चौथ्याला ऑफ तास, वर्गप्रमुख फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो आणि आपल्या मित्रांची गाळतो. पाचव्याला पीटीचे सर येतात आणि सकाळपासूनच्या सगळ्या तक्रारींचा हिशेब एकदम चुकता करतात. या मुलाने दिवसभरात काय शिकायचं? नियम माणसाप्रमाणे बदलतो, एवढंच तो शिकतो. आणि तो ते फार लवकर शिकतो.

उशिरा येण्याचंच उदाहरण थोडं सविस्तर पाहू, कारण शिस्तीचे सगळे प्रश्न त्यात एकत्र येतात. ग्रामीण माध्यमिक शाळेत आजूबाजूच्या पाच-सात वाड्या-वस्त्यांवरून मुलं येतात. मुलींना एसटीचा मोफत पास आहे, काही तालुक्यांत मानव विकास मिशनच्या बस आहेत, पण गाडी वेळेवर येईलच असं नाही. पावसाळ्यात ओढा भरला की तिचा मार्ग बंद. गाडी चुकली की चालत. शाळेत पोचेपर्यंत परिपाठ संपलेला, फाटक बंद. शिक्षा काय? कुठे फाटकाबाहेर उभं करतात, कुठे मैदानाला फेऱ्या, कुठे दंड. फाटकाबाहेर उभी असलेली मुलगी पहिला तास गमावते, आणि बहुतेक शाळांत पहिला तास गणिताचा किंवा इंग्रजीचा असतो. दंडाचे पैसे आई देते, म्हणजे शिक्षा मजुरीवर गेलेल्या बाईला होते. आणि गावातच राहणारा, रात्री दोनपर्यंत मोबाईलवर असणारा मुलगा उशिरा आला तरी त्यालाही हीच शिक्षा. दोघांचं कारण वेगळं, दोघांवरचा उपाय वेगळा हवा, पण फाटकावरच्या शिपायाला तेवढा अधिकारही नाही आणि त्याने विचारायचं काय हेही त्याला सांगितलेलं नाही.

यावर करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला पैसाही लागत नाही. महिनाभर उशिरा येणाऱ्यांची नावं कारणासह एका वहीत लिहायची. आठवड्यातच दिसतं की निम्मी नावं एकाच गाडीची आहेत. मग मुख्याध्यापकांनी आगार व्यवस्थापकांना पत्र द्यायचं, ग्रामपंचायतीला बरोबर घ्यायचं, तोवर त्या गाडीच्या मुलांना थेट वर्गात घ्यायचं. उरलेल्यांत तीच तीच नावं पुन्हा येत असतील तर वर्गशिक्षकाने त्या मुलाशी एकट्याशी बोलायचं, बुडालेलं काम मधल्या सुट्टीत करून घ्यायचं, तरीही चालू राहिलं तर घरी जाऊन यायचं. प्रत्येक पायरी आधीपासून सगळ्यांना माहीत हवी. फेऱ्या मारायला लावण्यापेक्षा यात मुलाला सूट कमी आहे, कारण फेऱ्या मारल्या की विषय संपतो. इथे त्याला बुडालेलं काम पूर्ण करावंच लागतं.

शिक्षा कुणाला होते, हाही आढाव्यात डोळ्याआड करता येणार नाही असा भाग. वर्गात काही हरवलं की पारधी वस्तीवरच्या मुलाचं दप्तर आधी उघडलं जातं. इंग्रजांनी १८७१ मध्ये काही जमातींवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला, शाळेच्या मनातून तो पुरता पुसलेला नाही. ऊसतोडीला आई-बापाबरोबर गेलेलं मूल मार्चमध्ये परततं तेव्हा गणवेश नाही, वह्या अपुऱ्या, म्हणून ते आल्या दिवशी बेशिस्त ठरतं. गुणांप्रमाणे तुकड्या पाडणाऱ्या शाळांत शेवटच्या तुकडीला जूनमध्येच सांगितलं जातं की तुमच्याकडून अपेक्षा नाही. पुढे ती तुकडी तशी वागली की सगळे म्हणतात, पाहा, सांगितलं नव्हतं? मुलींच्या वाट्याला वेगळं येतं. त्यांच्या बोलण्यापेक्षा हसण्यावर, केसांवर, कोणाशी बोलल्या यावर नजर असते, आणि छेड काढणाऱ्या मुलाला समज देऊन सोडताना छेड सोसणाऱ्या मुलीला बाक बदलायला लावतात. शाळेने वर्षभराची नोंद ठेवली आणि ती तुकडीप्रमाणे, वस्तीप्रमाणे, मुलगा-मुलगीप्रमाणे लावून पाहिली, तर हे कोणी आरोप न करताही समोर येईल.

सामूहिक शिक्षेची तर आपल्याकडे गंमतच आहे. टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला येते. १ ऑगस्टला ती भाषणात म्हणून दाखवायला बक्षीसही मिळतं. न केलेल्या चुकीची शिक्षा संपूर्ण वर्गाबरोबर भोगायला नकार देणारा मुलगा आपण आदर्श म्हणून शिकवतो. मग त्याच शाळेत एका मुलाने शिट्टी वाजवली म्हणून साठ जणांना उभं करणं बंद व्हायला हवं. सामूहिक शिक्षेने खरा दोषी सापडत नाही. निर्दोष मुलांचा शिक्षकावरचा विश्वास तेवढा जातो, आणि तो गेला की पुढच्या वेळी सांगायला कुणी पुढे येत नाही.

परदेशात काय झालं, ते थोडक्यात. स्वीडनने १९५८ मध्ये शाळांतली शारीरिक शिक्षा बंद केली. इंग्लंडच्या सरकारी शाळांत ती १९८७ मध्ये गेली. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्याला वर्षभर काढून टाकणं बंधनकारक झालं आणि तीच कठोरता हळूहळू किरकोळ चुकांनाही लावली गेली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने नेमलेल्या गटाने २००८ मध्ये आढावा घेऊन सांगितलं की या धोरणाने शाळा सुरक्षित झाल्याचा पुरावा नाही आणि कृष्णवर्णीय मुलांना त्याचा जास्त फटका बसतो. त्यावर उतारा म्हणून, ज्याने त्रास दिला आणि ज्याला झाला त्यांना समोरासमोर बसवून नुकसान भरून काढायची पद्धत पुढे आली. पिट्सबर्गच्या शाळांत तिची नीट चाचणी झाली. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार निलंबनं कमी झाली, शाळेतलं वातावरण सुधारल्याचं शिक्षकांनी सांगितलं, पण सहावी ते आठवीच्या मुलांच्या अभ्यासावर प्रतिकूल परिणाम दिसला. हे मी मुद्दाम नोंदवतो आहे, कारण मवाळ उपायांचे पुरस्कर्ते या दुसऱ्या भागाबद्दल बोलत नाहीत. समोरासमोर बसवायला शिक्षकाचा वेळ लागतो, प्रशिक्षण लागतं. ते न देता ही पद्धत आणली तर वर्गातल्या बाकीच्या मुलांचा अभ्यास बुडतो.

मोबाईलचा प्रश्न शाळेच्या आवाक्यात आहे आणि नाहीही. युनेस्कोने २०२३ च्या अहवालात शिक्षणाला उपयोग होत असेल तरच शाळेत तंत्रज्ञान आणावं, असं सांगितलं. शाळेच्या वेळेत फोन बंद, हा नियम सोपा आहे आणि तो शिक्षकांनाही लागू केला तर टिकतो. खरी अडचण शाळा सुटल्यावरची: वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एका मुलाची केलेली टिंगल, एखाद्या मुलीचा तिला न विचारता काढलेला व्हिडिओ. भांडण रात्री गटावर पेटतं आणि सकाळी वर्गात येतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. शाळेच्या हाताबाहेरची गोष्ट गावाने हाती घेतली तर काय होतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

शिक्षकांची बाजू न ऐकता हा आढावा अन्यायाचा होईल. त्यांना वाटणारी भीती खरी आहे. मुलाला रागावलं तर पालक थेट पोलिसांत जातात, त्याआधी चित्रफीत गावभर फिरते. मुलाने जिवाचं काही बरंवाईट केलं तर शिक्षकावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल होतो. राजस्थानातल्या अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये शिक्षकाविरुद्धचा गुन्हा रद्द केला आणि शिस्तीसाठी रागावणं म्हणजे प्रवृत्त करणं नव्हे, हे स्पष्ट केलं. केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये शिक्षकांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी व्हावी असं म्हटलं. या निकालांनी थोडा धीर येतो. पण शिक्षकाचं खरं संरक्षण शाळेच्या लेखी नियमांत आहे: मी काय केलं, कोणत्या पायरीनुसार केलं, कोणाला कळवलं, हे वहीत असेल तर तो एकटा पडत नाही. आज तो एकटा आहे. रिक्त पदं, निवडणुकीची आणि गणनेची कामं, सरल आणि यूडायस या सरकारी संगणकप्रणालींवर माहिती भरणं यातून उरलेल्या वेळात त्याने मुलांची मनं समजून घ्यावीत अशी अपेक्षा आहे. केंद्रीय मंडळाच्या शाळांना संलग्नतेच्या अटींत समुपदेशक ठेवावा लागतो. राज्य मंडळाच्या बहुतेक अनुदानित शाळांत ते पदच नाही. तंटा, चोरी, घरातलं भांडण, वयात येतानाची घालमेल, सगळं वर्गशिक्षकापाशी येऊन थांबतं.

एक सीमारेषा मात्र ठळक आखायला हवी. लैंगिक छळ, जातीवरून अपमान, जीवघेणी मारहाण या गोष्टी शाळेच्या शिस्तीचा भाग नाहीत; त्या गुन्हा आहेत. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांच्या लैंगिक छळाची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे, आणि संस्थाप्रमुखाने ती दडवली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली लैंगिक अत्याचाराची घटना उघडकीला आल्यावर तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती, सीसीटीव्ही यांची पुन्हा आठवण झाली. शाळेची अब्रू जाईल म्हणून असं प्रकरण मिटवून टाकायचं आणि दुसऱ्याच दिवशी शर्ट बाहेर काढला म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभं करायचं, अशी शाळा मुलांना शिस्त लावू शकत नाही. मुलं दोन्ही पाहत असतात.

मग नियम कसे असावेत? थोडे असावेत. पाच-सहा. भिंतीवरच्या फलकावर तीस सूचना लिहिलेल्या असतात, त्या कुणी वाचत नाही. दिसेल, तपासता येईल असं वागणं त्यात सांगितलेलं असावं. 'विद्यार्थ्यांनी शिस्तीत वागावे' या वाक्यावरून कुणाला काही करता येत नाही. 'दुसरा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही' हे पाळता येतं आणि मोडलेलं दिसतं. प्रत्येक नियमाला मोठ्यांचा वाटा जोडलेला असावा: मुलांनी वेळेवर यायचं, तर शिक्षकाने घंटा झाल्यावर वर्गात असायचं, मुलांनी कुणाला नावं ठेवायची नाहीत, तर शिक्षकानेही 'ढ', 'बैल' म्हणायचं नाही. केस, मेंदी, टिकली, बांगड्या यांचा अभ्यासाशी आणि दुसऱ्याच्या त्रासाशी संबंध नसेल तर त्यांना नियमांत जागा नको. शिक्षकांचा निम्मा राग तिथे वाया जातो. कॉपी मात्र नियमांत हवी. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध राज्याचा कायदा १९८२ पासून आहे, तरी काही केंद्रांवर मोठी माणसंच खिडकीतून चिठ्ठ्या पुरवतात. पर्यवेक्षणाला उभे असलेले सर पाठ फिरवून उभे राहिले की वर्षभर त्यांनी शिकवलेल्या प्रामाणिकपणाचं काही उरत नाही.

हे नियम संस्थाचालकांनी छापून पाठवून चालणार नाही. बऱ्याच शाळांत विद्यार्थी मंत्रिमंडळ असतं. स्वागतसमारंभात फुलं देण्यापलीकडे त्याला काम दिलेलं नसतं. नववीच्या मुलांना दोन तास द्या आणि विचारा की या वर्गात शिकणं कशामुळे अवघड होतं. मुलं प्रामाणिकपणे सांगतात. सुचवतात तेव्हा शिक्षकांपेक्षा कडक शिक्षा सुचवतात, आणि मग ती सौम्य करायचं काम शिक्षकाकडे येतं, जे त्याच्या हातून होणं चांगलंच आहे.

शाळा सुरू झाल्यावरचा पहिला आठवडा सध्या पुस्तकवाटपात, तुकड्या लावण्यात आणि वेळापत्रक बदलण्यात जातो. त्यातच प्रत्येक वर्गाचे दोन तास, तासिका शिक्षकांसह सगळ्यांची एक सभा आणि शिक्षक-पालक संघाची एक बैठक बसवता येते. पुढे प्रथम सत्राची परीक्षा झाली की दिवाळीच्या सुट्टीआधी नोंदींची वही सगळ्यांनी मिळून उघडायची. कोणत्या तासाला सर्वांत जास्त नावं आली, कोणती नावं पुन्हा पुन्हा आली, कोणत्या वस्तीवरची आली, कोणता नियम शिक्षकांनीच पाळला नाही, हे पाहायचं. जो नियम कुणालाच पाळता आला नाही तो दुसऱ्या सत्रासाठी बदलायचा, आणि ज्या मुलाचं नाव सप्टेंबरनंतर आलं नाही त्याला ते बोलावून सांगायचं.